पडद्याआडचा फासा

१३ एप्रिल २०२४, शनिवार. सायंकाळी ६.४०
माझ्याच दिवाणखान्यात, माझाच चहा पिऊन, माझी फसवणूक झाली. वेळ लिहून ठेवते. सगळी नोकरी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून केली. पैठणच्या बाजारात तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका मी लांबूनच ओळखायची.

प्रकार असा. शेजारची स्वरदा दर शनिवारी आम्हाला एक खेळ खेळवते. ती गेम मास्टर. म्हणजे गोष्ट ती सांगते, राक्षस तिचे. गोष्टीतले शूरवीर आम्ही. घाव बसला की नाही, कोण वाचलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा चांगला. आम्ही फासा उघड टाकतो, ती पुठ्ठ्याच्या पडद्याआड टाकते.

माझी चंपावती. तलवारबाज, वय बावीस, गुडघे उत्तम. आज तिने असा वार केला की राक्षस जागीच संपायला हवा होता. तो वाचतो का हे बघायला स्वरदाने फासा टाकला. म्हणाली, सतरा, वाचला. तिच्या मागच्या शोकेसच्या काचेत मला स्पष्ट तीन दिसला. लगेच वरच्या घरातल्या तात्यासाहेबांनी बाण मारला आणि राक्षस गार. ज्यांचा बाण महिनाभर कुठेच लागला नाही, ते तात्यासाहेब. टाळ्या वाजवत होते.

१४ एप्रिल, रविवार
झोप नाही. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की अख्खी रिसेस भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. स्वरदाला तशी भिंत मिळालेली दिसत नाही.

संकल्प: आधी पुरावा, मग तक्रार. फासे मिठाच्या पाण्यात तरंगवले. एखादी बाजू जड असेल तर तीच सारखी खाली राहते. फासे निर्दोष. म्हणजे दोष माणसात. पाणी वाया घालवलं नाही, त्यानेच फरशी पुसली. फरशी चिकट झाली.

१७ एप्रिल, बुधवार
नळ अजून कोरडा. पैठणचं धरण तळाला गेलं म्हणतात. इकडे मुकुंदवाडीत आमच्या मागे टॉवर उठतोय, बोर्डावर स्विमिंग पूल रंगवलेला. आमच्या सोसायटीचा बोअर मार्चमध्येच गेला.

टँकर आला. नळी कोणाच्या दारात आधी जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. शेवटच्या घराला गाळ. चिठ्ठ्या मीच काढते, कारण इथे सगळ्यांचा विश्वास माझ्यावर आहे. आज पुन्हा लक्ष्मीबाई पहिल्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली आहे, तान्ह्या बाळाचं धुणं किती. त्यांची चिठ्ठी मी चारपदरी दुमडते, बाकीच्या दोनपदरी. बोटांना शोधत बसावं लागत नाही. यात लबाडी कसली, ही सोय आहे. लक्ष्मीबाई म्हणाल्या, बाई, तुमचा हात लई गुणाचा. खरं आहे.

२० एप्रिल, शनिवार
सगळ्यांसमोर विचारलं, तीनचे सतरा कसे झाले. स्वरदा लाजली नाही. म्हणाली, काकू, गोष्ट काही एकटा फासा सांगत नाही, थोडी मी पण सांगते. मी म्हटलं, वाणीही हेच सांगायचा, एकटा काटा तोलत नाही, थोडा अंगठाही तोलतो. तात्यासाहेब मोठ्याने हसले. मग बाण कोणाचा होता ते त्यांच्या लक्षात आलं. नंतर बिस्किटही घेतलं नाही.

स्वरदाचा नवरा मिहिर म्हणाला, काकू, पडदा राहू द्या, तुमच्याच भल्याचं आहे. मी विचारलं, ही धमकी समजू का? पडदा जप्त करून माळ्यावर टाकला. पुढच्या शनिवारपासून सगळं उघड. संपूर्ण विजय.

२७ एप्रिल, शनिवार. ७.१०
तात्यासाहेब आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणे.

साडेपाचला खेळ सुरू. सहाच्या आत चंपावती मेली. राक्षसही नव्हता, दोन कोल्हे. एकाला पडले एकोणीस, दुसऱ्याला वीस, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माझा फासा एकदा टेबलाखाली गेला, तिथे चार पडला होता. खाली गेलेला फासा धरत नाहीत, असं मी सांगितलं. स्वरदा म्हणाली, काकू, उघड म्हणजे उघड.

मिहिर म्हणाला, दिवाळीपासून किती वेळा गेली असती ही. पुलावर, विहिरीत, त्या वटवाघळांच्या वेळी. मी स्वरदाकडे बघितलं. ती फासे डबीत भरत होती. वटवाघळं मी एकटीने मारली हे मी सोसायटीभर सांगितलं आहे. भाजीवाल्यालासुद्धा.

जाताना दारात तिने हळूच विचारलं, काकू, लक्ष्मीबाईंची चिठ्ठी चारपदरी का असते हो? प्रश्न अप्रस्तुत.

१ मे, बुधवार
टँकर. सगळ्या चिठ्ठ्या दोनपदरी दुमडल्या आणि तात्यासाहेबांना काढायला लावल्या. आता बोला म्हणावं. माझा नंबर पहिला. लक्ष्मीबाई शेवटच्या. त्यांच्या ड्रममध्ये गाळ आला. म्हणाल्या, असू द्या बाई, व्हतं असं. न्याय शंभर टक्के झाला.

दुपारभर माझं पाणी बादलीबादलीने त्यांच्याकडे नेलं. चंपावतीचे गुडघे माझ्याकडे नाहीत.

जिन्यात तात्यासाहेब भेटले. शनिवारी या म्हटलं. म्हणाले, नको हो, तुम्ही खेळा. मग म्हणाले, तो बाण मी पुण्याला लेकीला फोन करून सांगितला होता.

२ मे, गुरुवार. सकाळी ९
स्वरदाला द्यायच्या पत्राचा मसुदा.

पडदा माळ्यावरून काढून, पुसून टेबलावर ठेवला आहे. यापुढे त्याच्याआड काय चालतं याची चौकशी होणार नाही. तात्यासाहेबांना बोलावणं तूच करावंस, आणि त्यांचा बाण खरा होता, काकूंना काचेत उलटं दिसलं, असं सांगावंस. चंपावती मेली की नुसती बेशुद्ध पडली आहे, याचा खुलासा व्हावा. कोल्ह्याचे वीस मी चष्म्याशिवाय बघितले होते. तूही कदाचित नीट बघितले नसशील. शोकेसवर मी चादर टाकली आहे.

उत्तर लेखी हवं. शनिवार, ४ मे, सायंकाळी पाचच्या आत.