आरती थांबवली तेव्हा

प्रिय फेलिशिया,

टीचर फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. रागाव. लहानपणीही रागावलीस की गाल फुगवून हार्मोनियमचा भाता दणादणा मारायचीस. आठवून आत्ताही हसू येतंय.

फुलपाड्यातला क्लास गणपतीपासून बंद आहे. आमचे प्रल्हादराव सगळ्यांना सांगतात, हिचा घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे गं. झालं असं, की सोसायटीच्या गणपतीची आरती चालू होती आणि माझा हात कधी वर गेला, मला कळलंच नाही. "थांबा, ध्रुवपदापासून पुन्हा," असं मी बजावलं. टाळ थांबले, घंटा थांबली, सेक्रेटरी परेशभाऊंच्या हातातलं तबक अर्ध्यातच राहिलं. मग सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

अगं, बाप्पासमोरसुद्धा मला चुकाच ऐकू आल्या. एकामागून एक बॅच, परीक्षा जवळ आली की प्रत्येकाचा तोच भूप आणि त्याच जागी घसरणारा तोच गंधार. त्यात आयांचे मेसेज, डिस्टिंक्शन येईल ना म्हणून. स्वतःसाठी शेवटचं कधी गायले, आठवत नाही. तंबोरा दिसला की मी खोलीचं दार ओढून घेते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती घ्या. घेतली. पडल्या पडल्या शेजारच्या कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते शोधत बसले.

परवा तुझी मम्मी आठवली. तुला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा लुईझा किती ओशाळून म्हणाली होती, "पोरीला शिस्त नाय टीचर, नुसती गाते." मी तुला शिस्त लावली. पण नुसतं गाणं तू सोडलं नाहीस, ह्याचं मला फार कौतुक आहे. माझं मात्र तेच हरवलंय.

म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज मास्तरणीचा होतो आणि मला तर मागायचं आहे. वसईला तुमच्या नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली असेल. तुझ्या गायनमंडळात मागच्या रांगेत, मावश्यांच्या घोळक्यात मला उभी कर. शिकवायला नाही, गायला. टीचर म्हणून ओळख करून देऊ नकोस. चुकले तर सगळ्यांसमोर थांबव. आणि माझा हात वर जायला लागला, तर धरून खाली ठेव. मग सोडला नाहीस तरी चालेल.

तुझीच,
नुसती लतिका