पुण्याचा भाव, सिंगापूरचा भाव

८ मार्च २०२५, शनिवार
आज आयुष्याला वळण मिळालं. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कात अंकल टॅन नावाचे एक गृहस्थ भेटले, जुन्या सायकली घेणारे-विकणारे. त्यांच्याकडे जुनी काळी इंग्लिश सायकल, रॉडच्या ब्रेकची, विकायला. सहज किंमत विचारली. नऊशे पन्नास डॉलर. म्हणजे एकसष्ट हजार रुपयांच्या वर. असल्या सायकली पुण्यात दूधवाले कॅन अडकवून चालवत.
अंकल टॅननी रंगाचे पोपडे आणि पुसट सोनेरी रेघा दाखवल्या. पैसे सायकलचे नाहीत, जुन्या रंगाचे, म्हणाले. नवा रंग दिला की गिऱ्हाईक मागे न बघता जातं. हे लक्षात ठेवणे.
घरी संजीवनीला सांगितलं. तिने गेल्या वर्षीच्या हापूसच्या पेट्यांचा विषय काढला. विकायला चाळीस मागवल्या होत्या, त्यातल्या सव्वीस आम्हीच खाल्ल्या. बायकोने इतकं लक्षात ठेवू नये.

९ मार्च, रविवार
एक्सेल शीट केली. तीन कॉलम. पुणे: साडेचार हजार रुपये (अंदाज). जोहोर बाहरू, पुलापलीकडे मलेशियात: सहाशे रिंगिट (अंदाज). सिंगापूर: नऊशे पन्नास डॉलर (खात्रीलायक). शीटकडे बघतच बसलो. हे अजून कुणाला कसं सुचलं नाही?
संजीवनीने विचारलं, इथल्या नोकरीच्या एम्प्लॉयमेंट पासवर असला धंदा चालतो का. धंदा नाही, छंद आहे, असं सांगितलं. एका सायकलला छंदच म्हणतात. दुसरीनंतर बघू.
पुण्यात मावसभाऊ सारंगला कामाला लावलं. जुन्या सायकलवाल्यांकडे भाव काढ, पण माझं नाव घेऊ नकोस. फक्त 'सिंगापूरची पार्टी' म्हण. वजन पडतं.

१५ मार्च, शनिवार, रात्री
जोहोर. जाताना पुलावर बसमध्ये साडेतीन तास. दुकानदाराने प्रेमाने विचारलं, कुठून आलात. मीही प्रेमाने सांगितलं. भाव तीन हजार शंभर रिंगिट झाला. म्हणजे सिंगापूरचाच भाव, वर बसचं तिकीट. पुढच्या वेळी क्वालालंपूरहून आलो म्हणायचं.
रिकाम्या हाताने परतणं बरं दिसत नाही म्हणून एक पितळी घंटी घेतली. ॲन्टिक. एकशे वीस रिंगिट. गार्गीने ती उलटी करून बघितली आणि म्हणाली, पपा, धिस वन न्यू लाह, स्टिकर स्टिल गॉट.
अकरा वर्षांच्या मुलीला ॲन्टिकमधलं काय कळणार.

१८ मार्च
सारंगचा मेसेज. सहा दुकानं फिरला. पहिल्या दुकानात साडेचार हजार, शेवटच्यात सात. बाजार तेजीत आहे. शुभ लक्षण.

२० मार्च, लंच टाइम
मीटिंगमध्ये एकदम आठवलं. काखेत कळसा म्हणतात तसं. बाबांची सायकल.
इंग्लंडची. बाबांनी एकाहत्तर साली खडकीच्या कारखान्यातल्या सुपरवायझरकडून घेतली. मूळ रंग, मूळ रेघा, सगळं मूळ. मी तिच्या दांडीवर बसून शाळेत जात असे. बाबा अजून रोज तिच्यावरून लायब्ररीत जातात, येताना भाजी आणतात. पण वय अठ्ठ्याहत्तर. पडलेबिडले तर? काळजी वाटते.
शीटमध्ये चौथा कॉलम: बाबा. किंमत: शून्य.

२३ मार्च, रविवार
बाबांना फोन. एप्रिलमध्ये ते येतच आहेत, तर सायकल खोलून खोक्यात घालून आणाल का, म्हटलं. कशाला, म्हणाले. तुमची आठवण म्हणून, इकडे डोळ्यासमोर असावी, असं सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं. अंकल टॅन येईपर्यंत ती डोळ्यासमोर असणारच होती.
बाबांचा आवाज जरा बसल्यासारखा झाला. आणतो, म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना घशाचा त्रास होतो.

५ एप्रिल
बाबांना पुन्हा बजावलं. सायकलला हात लावायचा नाही. पुसायची नाही, धूळसुद्धा झटकायची नाही. बाबा हसले. मला कष्ट पडू नयेत म्हणून सांगतोस, कळतं मला, म्हणाले.
त्यांनी आत्तापासूनच सायकल बाजूला ठेवली आहे. लायब्ररीत पायी जातात. दोन किलोमीटर जायला, दोन यायला. या वयात चालण्यासारखा व्यायाम नाही. माझ्यामुळे सुरू झाला.
अंकल टॅनना फोटो पाठवले होते (जुने, गेल्या दिवाळीतले). नऊशे देतो म्हणाले. २६ तारखेला घरी येणार.

१९ एप्रिल, शनिवार
बाबा आले. विमानतळावरून खोकं टॅक्सीत बसेना. मोठी टॅक्सी केली, एकोणपन्नास डॉलर. शीटमध्ये 'किरकोळ'.
हॉलमध्ये खोकं उघडलं.
नवा रंग. काळाभोर, चकचकीत. माझा चेहरा दिसला त्यात. सोनेरी रेघा गडप. हँडलला नवं क्रोम. बाबा म्हणाले, तू नको म्हणालास, पण मुलाला द्यायची वस्तू अशी कळकट कशी द्यायची. तीन आठवडे कारागिराकडे होती म्हणे.
रंगाचं काहीतरी करता येईल. पॉलिश पेपर मिळतो.

रात्री ११
रंगाचं काही करता येणार नाही. बाबांनी सायकलवर नाव घालून आणलंय. भांड्यांच्या दुकानापुढे मशीन घेऊन बसतो, त्या माणसाकडून. वाटी-पातेल्यांवर घालतात तसं, टिंबाटिंबांचं, पत्र्यात खोल. 'चि. शिरीष यास बाबांकडून सप्रेम भेट.' चेनकव्हरवर. दोन्ही मडगार्डांवर. कॅरिअरवर. घंटीवर. पंपावर. फ्रेमवर पाचदा. प्रवासात भाग सुटे झाले तर हरवायला नकोत म्हणून.
बॅटरी घेऊन मोजली. अकरा ठिकाणी.
मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. टीमच्या बावीस लोकांचं अप्रेझल करतो. आणि अकरा ठिकाणी चि.

२६ एप्रिल, शनिवार
अंकल टॅनना मराठी वाचता येत नाही, ही जमेची बाजू धरली होती. नक्षी आहे म्हणायचं ठरवलं होतं.
ते आले. मी तोंड उघडण्याआधी बाबांनी त्यांना पाहुणे समजून बसवलं, चहा दिला आणि इंग्रजीत प्रत्येक नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. अकराच्या अकरा. माय सन वॉन्टेड इट फॉर मेमरी, असंही सांगितलं. अंकल टॅननी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.
लिफ्टपाशी ते म्हणाले की आता फार तर चाळीस डॉलर. मग म्हणाले की चाळीसलाही घेणार नाही. युअर फादर, लाह. एवढंच म्हणाले आणि लिफ्टमध्ये गेले.
जोहोरची घंटी दाखवायची राहिली.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी बाबा आणि मी दोघंच चहा घेत होतो. बाबांनी विचारलं, कालचा माणूस सायकल घ्यायला आला होता का. मी छंद, कलेक्टर, कम्युनिटी असं बरंच बोललो. बाबांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाले, विकायची होती तर आधी सांगायचंस. नाव घातलं नसतं.
रागावून नाही. भाजी आणताना कोथिंबीर राहिली तर म्हणतात तसं. चहा संपवून कप स्वतः विसळला.
मला लाज वाटली. हे शीटमध्ये कुठे लिहायचं कळत नाही.

४ मे, रविवार
बाबा काल पुण्याला परत गेले. सायकल परत न्या म्हणून हातापाया पडलो. दिलेली वस्तू परत घेत नाही, म्हणाले.
सारंगला फोन. बाबांसाठी तशीच एक जुनी बघ, कितीही पडोत. रात्री त्याचा मेसेज आला. आता अठरा हजारांच्या खाली कोणी बोलत नाही. कुठलीतरी सिंगापूरची पार्टी माल उचलतेय अशी गावभर हवा आहे.
त्या पार्टीला शोधून दोन शब्द सुनावावेसे वाटले.

१० मे, शनिवार
शेवटची शीट. पुणे अठरा हजार. सिंगापूर, माझी सायकल, चाळीस डॉलर, म्हणजे सव्वीसशे. याचा अर्थ सिंगापूरला घेऊन पुण्याला नेली तर नफा. हे संजीवनीला सांगितलं. तिने पुन्हा हापूसचा विषय काढला. मी शीट डिलीट केली.
२३ मेचं पुण्याचं तिकीट काढलं. सायकल घेऊन जातोय. परत घेत नाहीत, तर मी माझ्याकडून भेट देणार. त्याच मशीनवाल्याकडून प्रत्येक नावाखाली दुसरी ओळ घालून घेणार: 'ती. बाबांस शिरीषकडून.' जागा आहे. पट्टीने मोजली, अकराही ठिकाणी.
बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज पुन्हा तसाच बसला. घशाचा त्रास नाहीये त्यांना, आता कळलं.
मग म्हणाले, एकाच ठिकाणी घाल. अक्षराला पाच रुपये घेतो तो.