लागली नसताना वर गेलेला हात

ती. हेस्टर मावशीस, थिआचा साष्टांग नमस्कार (खांद्यात लचक भरलीय, त्यामुळे सध्या सातच अंगांवर भागवून घे).

वि. वि. तुझं पत्र पोचलं. लोस्टॉफ्टच्या समुद्राच्या हवेनं गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. ऑब्री काका गेल्यापासून तू फाटकाच्या बाहेर पडत नव्हतीस, तेव्हा गुडघ्याच्या निमित्तानं का होईना, नणंदेकडे गेलीस हे झ्याक केलंस. नदीकडे पुन्हा फिरकणार नाही आणि शर्यतीचं एक अक्षरही मला कळवू नकोस, असं तू बजावलं आहेस. म्हणून सगळं सविस्तर कळवते.

काकानं जन्मभर नाश्त्याला तुला नियम समजावले आणि तू जन्मभर शेवटी विचारलंस, ‘ते सगळं ठीक, पण जिंकलं कोण?’ तर पुन्हा ऐक. आमची कॅम नदी इतकी अरुंद की दोन नावा शेजारून धावूच शकत नाहीत. म्हणून त्या एकीमागे एक सोडतात आणि मागचीनं पुढचीला गाठून धक्का द्यायचा. धक्का लागला की पुढच्या नावेच्या सुकाणूवालीनं (म्हणजे मी) हात वर करायचा. ‘लागली, मान्य,’ एवढाच त्याचा अर्थ. मग वल्ही थांबतात आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नावांच्या जागा बदलतात. असं चार दिवस. चारही दिवस धक्का खाल्ला की नशिबी लाकडी चमचा, चांगला हातभर लांब. काकानं तरुणपणी तो पटकावला होता. दुसरा कुणी असता तर माळ्यावर लपवला असता. तुम्ही तो स्वयंपाकघरात टांगलात आणि तू दर ऑगस्टात त्यानं प्लमचा जॅम ढवळलास. फेब्रुवारीत तोच चमचा तू काकाच्या शवपेटीत ठेवलास आणि भर चर्चमध्ये जाहीर केलंस, ‘आता जॅम बंद.’ (पाद्रीबाबांना वाटलं, तुझ्या डोक्यावर परिणाम झाला. मला वाटलं, संपलं, काकाच्या मागोमाग मावशीही चालली. फार रडले मी त्या रात्री.)

मला सुकाणू धरायला काकानं शिकवलं हे तू जाणतेसच. त्यामुळे मी मनाशी पक्कं केलं होतं की यंदा आमच्या सेंट ऑसिथ कॉलेजच्या नावेला चमचा मिळू द्यायचा नाही. एक दिवस तरी धक्का न खाता शेवटच्या खांबापर्यंत पोचायचं आणि ते काकाच्या नावावर जमा करायचं. बस, एवढंच मागणं होतं.

पहिल्या दिवशी तोफ उडाली. तोफ उडेपर्यंत काठाला बांधलेल्या साखळीचं टोक सुकाणूवालीनं धरून ठेवायचं असतं, नाव जागेवरून वाहून जाऊ नये म्हणून. तोफ उडाली की सोडायचं. आठ जणींनी जीव खाऊन वल्ही मारली. मी काकाचा विचार करत होते. नाव एकीकडे निघाली, साखळी दुसरीकडे राहिली आणि मधे मी. (खांद्याचा खुलासा झाला ना?) आडव्या झालेल्या नावेला मागच्यांनी आरामात येऊन धक्का दिला, जिंकल्याची खूण म्हणून काठच्या विलोच्या डहाळ्या तोडून केसांत खोचल्या आणि गात गात घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आमचे शिक्षक डॉ. पेटिग्र्यू काठानं सायकलवरून ‘साखळी सोड, साखळी सोड!’ असं ओरडत निघाले. साखळी मी केव्हाच सोडली होती. ते बघत होते आमच्याकडे, सायकल बघत होती नदीकडे. दोघं मिळून पाण्यात गेली. आमची कप्तान मार्गो इतकी हसली की तिचं वल्हं पाण्यात अडकलं, आणि आम्ही पुन्हा धक्का खाल्ला. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. आम्ही नुसत्याच हळू होतो. ते सगळ्यांत जास्त झोंबलं.

चौथ्या दिवशी मात्र पोरी अशा काही लागल्या म्हणून सांगू! मागची नाव आधी अंगाशी आली होती, पण डिटनच्या वळणावर ती फार बाहेर गेली आणि मी काकानं शिकवल्याप्रमाणे आतला काठ घासून नाव काढली. चांगली नावभर आघाडी! मार्गोचा चेहरा माझ्यासमोरच असतो. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आणि वळण संपतं तिथे, काका दरवर्षी उभा राहायचा त्याच जागी, गर्दीच्या मागे मोहरीच्या रंगाची छत्री दिसली. पाऊस नव्हता. छत्री वर झाली. सरावाच्या दिवशी काका छत्री उचलायचा आणि मी हात करायचे, इतकी वर्षं. मावशी, माझा हात आपसूक वर गेला गं.

वर गेला तो गेला. नियम म्हणजे नियम, वल्ही थांबली. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात, त्यामुळे मागची नाव किती लांब आहे ते आठही जणींना दिसत होतं. पाठ होती ती फक्त माझी. मार्गो किंचाळली, “अगं बये, लागलीच नाही! लागलीच नाही की!” मागच्या नावेची सुकाणूवाली तर इतकी गोंधळली की तिनं विचारलं, “काय गं, चहाला बोलावतेस का?” आणि मग त्यांनी हळूच, जवळजवळ माफी मागत, आम्हाला धक्का दिला.

बोटहाउसमध्ये मी म्हटलं, माशी होती. मार्गो म्हणाली, “माशी नव्हती. कुणाला हात केलास?” म्हटलं, काकाला. मग त्या दांडगट मुलीनं मला मिठीत घेऊन असा गळा काढला की डॉ. पेटिग्र्यू दारातूनच परत फिरले. मला काका पाहिजे होता, मावशी. एवढं एक सोडलं तर बाकी सगळं क्षेम आहे.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
थिआ

ता. क. त्या छत्रीच्या एका काडीजवळ हिरव्या दोऱ्यानं लावलेलं ठिगळ आहे, ते मला नावेतूनही दिसलं. पिवळा दोरा संपला म्हणून तू ते तसं शिवलंस आणि काका त्यावरून तुला वर्षभर चिडवत होता. ती छत्री लोस्टॉफ्टहून एकटी चालत आली असेल असं मला वाटत नाही. शिवाय काका छत्री झटकन उचलायचा. ही थरथरत होती. गुडघ्याची थाप पुन्हा मारू नकोस.

ता. क. (दुसरा) चमचा वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. त्यावर आमची सगळ्यांची नावं आहेत आणि अजून त्याला कशाचाही डाग नाही, हे काही बरं दिसत नाही. प्लम ऑगस्टात पिकतात. बिया काढायला मी येते.

ता. क. (शेवटचा) पुढच्या वर्षी त्याच वळणावर उभी राहा, आणि छत्री खुशाल उचल. मी दोन्ही हात सुकाणूच्या दोऱ्यांना बांधून घेईन.