तोद आणि तवदा

चाचा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. हे मी मराठीत लिहितेय. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं; तुम्हाला कुठलंच लिहिलेलं वाचता येत नव्हतं. बसच्या काचेवर चिकटवलेली सूचनासुद्धा मीच तुम्हाला वाचून दाखवायची. तरी पश्तो मला तुम्हीच शिकवलीत, आणि परवा जे घडलं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

इथे आखातात, जाब्रियातल्या बिल्डिंगीतून आम्हा नऊ नर्सना बनेद अल-गारच्या क्लिनिकवर नेणारी मिनीबस तुम्ही चालवायचात. मी रत्नागिरीकडून नुकतीच आलेली. बाकीच्या आठजणी आपसात मल्याळम बोलायच्या, म्हणून मी तुमच्या मागच्या सीटवर बसायला लागले. संध्याकाळी उतरताना तुम्ही मला म्हणायचात, "स्तडे म शे." थकू नकोस. एकदा मीही तेच तुम्हाला म्हटलं, तर तुम्ही बस थांबवून मागे वळलात. "ओ बेटी! यह तो औरत को बोलते हैं. हम औरत है क्या?" पुरुषाला 'स्तडय' म्हणायचं, बाईला 'स्तडे'. मी म्हटलं, आमच्यातही तसंच, तो थकलेला, ती थकलेली. तुम्ही इतके खूश झालात, जणू तुमच्या गावचंच कुणी भेटलं.

मग रोज एक शब्द. सकाळी तंदूरवरून आणलेली रोटी कागदात गुंडाळून तुम्ही डॅशबोर्डवर ठेवलेली असायची. ती गरम, म्हणजे 'तवदा', कारण रोटी बाई. बसचा एसी बंद पडलाय, खिडकीतून भाजणारा वारा येतोय, तो 'तोद', कारण वारा पुरुष. थर्मासमधलं पाणी 'तवदे', कारण पाणी म्हणजे पुष्कळ बायका. मी हसत सुटायची. आमच्यात मोठा, मोठी, मोठं होतं, पण गरम ते गरमच, वारा असो की भाकरी. आणि उदास माणसाला तुम्ही 'खपा' म्हणायचात, तो शब्द बाईसाठीही बदलत नव्हता. तो का नाही बदलत, विचारलं तर म्हणालात, "हम को क्या पता. माँ ऐसा बोलती थी."

तुम्ही एकदाच रागावलात. तेच तेच चुकून मी कंटाळले होते. म्हटलं, चाचा, शब्दाच्या शेवटी आ असो की ए, मतलब तर कळला ना? तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत. "तुम नर्स है. किसको क्या हुआ, वही नहीं समझा, तो क्या समझा?" मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून काय हे.

परवा सकाळी क्लिनिकवर एक पठाण बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नवरा गाडी लावायला जागा शोधत होता. तिला अरबी येत नव्हती, हिंदी येत नव्हती. ती मुलाला पुढे ढकलून सारखं एकच वाक्य म्हणत होती. नवीन नर्सने थर्मामीटर लावला, ताप नव्हता. घसा बरा, छाती साफ. डॉक्टर पुढचा नंबर बोलवायला लागले. मी बाजूच्या टेबलावर फाइल भरत होते, आणि माझ्या कानावर पडलं, "डेरा तवदा दा." ती खूप गरम आहे.

तवदा. मुलगा समोर उभा होता, आणि ती 'तोद' म्हणत नव्हती. मी फाइल सोडून उठले. तुम्ही शिकवलेलं जेवढं आठवलं तेवढं जुळवून विचारलं, "लूर दे चर्ता दा?" तुझी मुलगी कुठे आहे? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझा हात धरून रडायला लागली. "कोर के. कोर के." घरी.

तेवढ्यात नवरा आला. मुलीचा बिताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, अजून झालेला नाही, म्हणाला. कार्डाशिवाय घेणार नाहीत म्हणून मुलाला दाखवून औषध न्यायचं ठरवलं होतं, भाऊबहिणीला एकच औषध चालेल. मी त्याच्यावर ओरडणार होते, पण ओरडण्यात वेळ घालवला नाही. म्हटलं, "भाई, कार्ड का बाद में देखेंगे. बच्ची को लाओ." वीस मिनिटांत त्याने तिला उचलून आणलं. मान ताठ, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. मेंदूला सूज येत होती. अजून काही तास घरी राहिली असती तर वाचली नसती, असं नंतर कळलं. काल फोन करून विचारलं. उठून बसलीय, भात मागतेय.

सगळे विचारतात, तुला पश्तो कुठून येते? मी सांगते, आमच्या बसचे चाचा होते, त्यांनी शिकवलं. मग विचारतात, ते कुठे असतात आता? वारले, म्हणते. तुम्ही शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलात होतात, माझ्या बिल्डिंगीपासून चालत पाच मिनिटांवर. तेव्हा मी सुट्टीवर गावी गेले होते, असं मी सोळा वर्षं सगळ्यांना सांगत आले. चाचा, मी इथेच होते. उद्या जाऊ, उद्या जाऊ, म्हणत राहिले.