एकतर्फी काच

सोमवार, ९ मार्च. सकाळी ८.४०
बालमानसशास्त्र विभागात इंटर्न म्हणून पहिला दिवस. संकल्प: वेळेवर येणे, कमी बोलणे, नखं खाणे कायमचे बंद. शुक्रवारपर्यंत विभागाचं माझ्यावाचून पान हलणार नाही.

सायं. ५.१०
केस मिळाली! सात वर्षांची मुलगी. तीन महिने झाले, घराबाहेर चकार शब्द काढत नाही. शुक्रवारी शाळेला रिपोर्ट जाणार. त्यावर तिला याच शाळेत ठेवायचं की नाही, ते ठरणार. मुलगी खेळायच्या खोलीत, मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत. मधे एकतर्फी काच. मला ती दिसते, तिला तिकडून नुसता आरसा. विभागप्रमुख मॅडमनी बजावलं, आतला दिवा लावायचा नाही. पण अंधारात नोंदी करायच्या कशा? मॅडम नोंदी करतच नसाव्यात. दिवा लावला.

मंगळवार, १० मार्च
साफसफाईच्या मावशी येता-जाता दिवा घालवतात. वीज वाचवायचं खूळ, दुसरं काय! शेवटी रागावलो. मावशी म्हणाल्या, बरं बाबा, तुमचं तुम्ही बघा.

निरीक्षण: मुलगी खेळण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आरशासमोर बसून नखं खाते. कान खाजवते. हातात पेन नसताना पेनाचं टोपण चावल्यासारखं करते. एकाच मुलीत इतकी लक्षणं! नशीब जोरावर आहे.
माझी नखं: फक्त डाव्या हाताची खाल्ली.

बुधवार, ११ मार्च
मोठा शोध. माझा डबा चालू असताना मुलीने आरशाकडे बघून हात हलवला. मग खेळण्यातली बशी पुढे केली, कुणाला तरी वाढल्यासारखी. खोलीत दुसरं चिटपाखरू नाही! म्हणजे तिला नसलेलं माणूस दिसतं.

मॅडमना विचारणार होतो, पण त्या मीटिंगमध्ये. तिची आई बाहेरच उभी होती. सांगून टाकलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, आमच्या घरात असं कुणालाच नाही हो. मी म्हटलं, वेळेत कळलं हे बरं झालं. ती रडतच राहिली. धीर देण्याचा सराव वाढवायला हवा.

गुरुवार, १२ मार्च. दुपार
मॅडमना कळलं. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. इंटर्नने निदान करायचं नसतं, आईपुढे तर नाहीच. उद्या त्या स्वतः बसणार. उत्तम, साक्षीदार मिळेल.

निरीक्षणाच्या खोलीत जाऊन सात मिनिटं रडलो. माझ्या आईला फोन केला. तिने विचारलं, जेवलास का? मग आणखी चार मिनिटं. एकतर्फी काचेचा हाच फायदा, कुणाला दिसत नाही.

नोंद: त्याच वेळी मुलीने काचेवर टकटक केली. आपला रुमाल काचेला लावून बराच वेळ उभी राहिली. कृती अर्थहीन. लक्षण गंभीर.

शुक्रवार, १३ मार्च
मॅडमनी आज आईलाही मुलीजवळ बसवलं. मग इकडे आल्या, दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दिवा घालवला.

मुलगी धावत काचेशी आली. डोळ्यांच्या बाजूंना हातांची झापडं करून आत बघू लागली. मग वळून आईला म्हणाली, ते काका गेले? आई म्हणाली, कुठले गं? मुलगी म्हणाली, आत कोंडलेले. सारखी नखं खातात. एकटेच जेवतात. काल रडत होते. त्यांना भेटायला कुणीच येत नाही.

सगळं स्पीकरवर स्पष्ट ऐकू आलं. मॅडमनी शब्दन् शब्द लिहून घेतला. अंधारात, वहीकडे न बघता.

मी चोवीस वर्षांचा आहे. निदान दादा म्हणायचं.

त्यानंतर मुलगी पुन्हा गप्प. रिपोर्ट मॅडमनी लिहिला: बोलू शकते, याच शाळेत ठेवा, वेळ द्या. फाइलमधली माझी पानं काढली. मग आईची माफी मागायला गेल्या. मीही निघालो, तर म्हणाल्या, तू नको. सोमवारपासून मी रेकॉर्ड रूममध्ये.

सायं. ६.०५
मावशींनी एक रुमाल आणून दिला. मुलीने जाताना त्यांच्या हातात कोंबला होता. पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली म्हणे: आतल्या काकांना द्या.

पुरावा म्हणून फाइलला लावायचं ठरवलं. फाइल आता माझ्याकडे नाही.