आबांची होडी

५ ऑक्टोबर, रविवार
आबा पुन्हा घरातून निघून गेले होते. वसंताचा फोन शेजारच्या दुकानात आला, मी गॅस चालू ठेवून तशीच धावले. सापडले म्हणाला. रोह्यात नदीच्या घाटावर, गुडघाभर पाण्यात उभे. चपला हातात. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होते, माझी होडी कुणी सोडली.
वसंता म्हणतो आता दाराला बाहेरून कडी लावणार. "ताई, मी शिफ्टला गेल्यावर एकट्या रेखानं काय काय बघायचं? स्वयंपाक, पोरं, का आबांना?" धाकटा भाऊ असून बापाला तो आणि त्याची बायको रेखा रोह्याला सांभाळतात, मी इथे पेणला. त्यामुळे बोलायला तोंड नाही. पण कडी.
भात करपला. ह्यांनी तसाच खाल्ला आणि ड्यूटीवर गेले.

१२ ऑक्टोबर, रवि.
गावी जाऊन आले. गाडीने रोहा, पुढे टमटम. होडी चुलतभाऊ विठूदादाच्या वाडीत पालथी पडलीय, तिच्यावर भोपळ्याचा वेल. आबांनी शेती सोडली तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. बोटाने दाबलं तर एका फळीत बोट आत गेलं. बाकी लाकूड टणक वाटलं. डोलकाठी गोठ्यात आडवी, तिच्यावर कोंबड्या बसतात. शीड नाहीच.
विठूदादा म्हणाला, "जाळायला न्यायला आलीस काय?"
म्हटलं, दुरुस्त करायचीय.
"तुला येतं?"
"नाय."
"मला पण नाय येत." वेल बाजूला सारत म्हणाला, "ज्यांना येत होतं ते गेले गो. त्यांची पोरं कंपनीत."
माझं म्हणणं एवढंच की होडी काठाला बांधलेली असेल आणि आबा तिच्यात बसतील. रविवारच्या रविवार. डोळ्यांना दिसली की शोधणं थांबेल. पाण्यावर न्यायची नाहीच. मला पोहता येत नाही.

१४ ऑक्टो.
वसंता चिडलाय. फोनवर आवाज चढवला. "त्यांना पाण्यापासून लांब ठेवायचं सोडून तू होडी नीट करतेस? उद्या त्यात बसून गेले म्हणजे?"
 

१९ ऑक्टो., रवि.
वेल काढला. विठूदादाच्या सुनेने भोपळे आधी उतरवून घेतले. दिवसभर खरवडत होते, डांबराचे पापुद्रे, त्याखाली शंख, कालवांच्या कडा. हात सोलले. आता गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांचं काम असतं तर पंचाईत झाली असती. गणपती संपलेत म्हणून बरं. पुन्हा कामं सुरू झाली की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडेच येणार, त्याला हात स्थिर लागतो.
लाकूड उघडं पडल्यावर जास्त भीती वाटली. फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचं गवत दिसतं.

२६ ऑक्टो., रवि.
सांधे भरले. खडूची भुकटी आणि डिंक, कारखान्यात मूर्तीच्या भेगा भरतो तसं. छान गुळगुळीत झालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. विठूदादाही म्हणाला, गणपतीच झालाय.
येताना रोह्याला आबांना भेटले. ओळखलं नाही. रेखाला विचारलं, "ह्या बाई कुठल्या?" मग मलाच म्हणाले, "उशीर होतोय. भरती उतरायला लागली." कडीचा आवाज मी बाहेर पडल्यावर ऐकला.

२ नोव्हेंबर, रवि.
दिवाळी. गेले नाही. पोरी घरी आल्यात. फराळ करताना डोक्यात सांधेच.

९ नोव्हें., रवि.
बादलीभर पाणी ओतून बघितलं. सगळं भरलेलं पांढरं दूध होऊन खाली वाहिलं. ज्या वस्तू पाण्यात विरघळायच्याच असतात त्या भरायची रीत मी पाण्यावर तरंगायच्या वस्तूला लावली. कुणी हसलं नाही, पण विठूदादा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.
सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.

१३ नोव्हें., गुरुवार
बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या काशीबाईंना विचारलं. त्यांच्या घरी होड्या होत्या. त्या म्हणाल्या, कापसाची वात तेलात भिजवायची, सांध्यात ठोकून ठोकून बसवायची, वरून राळ. ह्याला कलफत म्हणतात. "पण किती ठोकायचं ते मला नको विचारू. ते बाप्ये करायचे, आम्ही तेल कढवायचो. वास म्हणजे." जास्त ठोकलं तर फळी फाकते, एवढं त्यांना आठवत होतं. म्हणजे कमी आणि जास्त यांच्या मधलं कुठेतरी.

१६ नोव्हें., रवि.
ठोकलं. प्रत्येक घावाला वाटत होतं की ही गेली. गेली नाही. कुजकी फळी काढून सुतारानं नवी बसवली. तो घरांची दारं करतो, होडी पहिलीच. त्यानं फळी काटकोनात इतकी छान तासली की ती होडीच्या पोटाला बसेना. मग गरम पाण्यात भिजवलेली पोती टाकून वाकवली, विठूदादा, सून, सुतार आणि मी असे चौघं तिच्यावर बसलो. बसली. जवळजवळ.

२२ नोव्हें., शनि.
मांजरपाटाचं शीड घरच्या मशीनवर शिवलं. अख्खी खोली भरली. हे दारात उभे राहून बघत होते. "बांधूनच ठेवायचीय ना होडी? मग शीड कशाला?"
म्हटलं, त्याशिवाय ती आबांना त्यांची वाटायची नाही.
ह्यांची ती नजर मला आवडली नाही. मीच जरा जरा पाण्याकडे सरकत चाललेय, हे त्यांना कळलंय.

३० नोव्हें., रवि. अमावास्या
दुपारच्या भरतीला पाण्यात लोटली. आधी झरझर पाणी आलं, मी रडायच्या बेतात. विठूदादा म्हणाला थांब, लाकूड पाणी पिऊन फुगलं की सांधे मिटतात, असं म्हातारे बोलायचे. अर्धी भरली. तशीच ठेवली, ओढ्याच्या तोंडाशी, खारफुटीतल्या तिवराच्या खोडाला बांधून. गाठ मी मारली.

७ डिसेंबर, रवि.
पाणी उपसल्यावर पुन्हा फार आलं नाही. फक्त नव्या फळीपाशी पाझरतं. मी आत बसले. बांधलेल्या होडीत, बुडाखाली हातभर पाणी असताना, आणि तरी काठ घट्ट धरून. 
वसंताला सांगितलं, पुढच्या रविवारी आबांना आणू या. नको म्हणाला. मग म्हणाला, बघू.

१५ डिसें., सोम.
काल लिहिणं झालं नाही. नीट लिहून ठेवते.
काल पौर्णिमा. सकाळी गावी पोचले तर होडी नाही. दोराचं टोकही नाही. उधाणाचं पाणी बांधापर्यंत येऊन गेलेलं. मी तिथेच उभी असताना वसंता स्कूटरवरून आला. आबा सकाळपासून घरात नाहीत. त्यानं रिकामं खोड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.  
दोघांच्या मनात एकच.
विठूदादानं माणसं गोळा केली. आम्ही बांधाबांधानं खाली गेलो, चिखलात, हाका मारत. आबा, आबा. वसंता पुढे, मी मागे. एकदा त्याचा पाय मांडीपर्यंत रुतला, मी ओढून काढला, तेव्हा तो लहानपणी रडायचा तसा रडत होता. म्हणाला, "कडी मीच काढली होती गो. म्हटलं, रविवार हाय, मी घरात हाय." मी म्हटलं, गाठ माझी होती.
दुपार टळल्यावर होडी दिसली. तिवरांत शिरून आडवी झालेली. रिकामी. आत वल्हं तसंच.  
मग गावातून निरोप आला. पलीकडच्या काठावर शाळेजवळ चहाची टपरी आहे, तिथून फोन आला होता. एक म्हातारा दुपारपासून शाळेच्या फाटकाशी बसलाय, हलत नाही. टपरीवाल्यानं रोह्यातल्या ओळखीच्यांकडे विचारत विचारत आमचा पत्ता काढला.
आबा होडीत नव्हतेच. रोह्याच्या पुलावरून चालत नदी ओलांडून, पलीकडच्या काठानं इतके खाली आले होते. पायाला फोड.
आम्ही स्कूटरवरून पूल फिरून तिथे पोचलो. रविवार, फाटकाला कुलूप. आबा पायरीवर, धोतर चिखलात. मला बघून उठले, हात जोडले. "बाई, शाळा अजून सुटली नाय काय? माझी पोरगी आत हाय. सुमन. तिला सोडा आता, पाणी उतरलं का होडी लागत नाय."
सुमन मी.
पाचवीपासून त्या शाळेत जायचे. सकाळी आबा होडीनं सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. कधी उशीर केला नाही. म्हणजे एवढे महिने ते नदीवर होडी शोधायला जात नव्हते. मला न्यायला निघत होते.
मी म्हटलं, "आबा, मीच सुमन." त्यांनी नीट बघितलं. मग अवघडून हसले, कुणी भलतं काही बोललं की हसतात तसं. "सोडा तिला, बाई."
मी म्हटलं, सोडते.
वसंतानं त्यांना स्कूटरवर मध्ये बसवलं, मागे मी. वाटभर मागे वळून बघत होते, शाळेकडे. मी त्यांना धरलेलं, तरी.

१८ डिसें., गुरु.
डॉक्टर म्हणाले ताप उतरेल. पायाची जखम बघावी लागेल. झोपेत काय बोलतात ते रेखा सांगत नाही.

२१ डिसें., रवि.
होडी ओढून आणली. नवी फळी फुटलीय, शिवाय एक जुनी. वाटलं, राहू दे. दुसऱ्याच कुणाची तरी चूक असल्यासारखी ती पडून होती.
दुपारी वसंता आला. कधी येत नाही. होडीभोवती फिरला, लाथ मारेल असं वाटलं. म्हणाला, "फळी कुठली लावणार?"

२८ डिसें., रवि.
ह्या वेळी सुताराला होडीपाशीच उभं केलं, माप तिच्या पोटावरच घेतलं. वसंता ठोकत होता, मी वाती वळत होते.  एकदा मध्येच तो म्हणाला, "मला शाळेत सायकल होती. होडी तुझ्यासाठीच." त्यात तक्रार होती की नाही, कळलं नाही.

४ जानेवारी, रवि.
पाण्यात आहे. पाझरते, कमी. दोर विठूदादानं बांधला, मी हात लावला नाही.
ठरलं ते असं. मी ठरवलं की वसंतानं, आता सांगता यायचं नाही. आबांना होडीत बसवायचं, वसंता आणि विठूदादा सोबत, भरतीच्या भरात, वारा नसेल तरच. मी आधीच पुलावरून पलीकडे जाऊन उभं राहायचं. त्यांनी मला न्यायला यायचं.
हे म्हणाले, "आणि त्यांना तिथे पोरगी दिसली नाही, तू दिसलीस, तर?"
हाच प्रश्न मला रोज पडतो. कदाचित जास्तच बिघडेल. वसंताला पोहता येतं, विठूदादाला येतं. आबांनाही पूर्वी यायचं. यायचं म्हणजे.

८ जाने., गुरु.
कारखाना सुरू झाला. पहिल्या मूर्तीचा डावा डोळा चुकला. शेठ म्हणाले, पुसून पुन्हा काढा, सुमनताई, घाई नाही.

११ जाने., रवि. शाळेजवळचा होडीचा धक्का
इथेच लिहितेय.
वारा आहे. थोडा. नको होता.
टपरीवाल्यानं चहा दिला, ओळखलं त्यानं. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या. भरती अजून चढतेय, पण आता तिला जोर नाही.
निघाले ते मला दिसले. विठूदादा वल्ह्यावर, वसंता खाली वाकून पाणी उपसतोय, म्हणजे पाझर वाढलाय. आबा मागे ताठ बसलेत. शीड लावायचं नाही असं ठरलं होतं. ते वर गेलंय. ते कुणी लावलं असेल ते मला माहीत आहे. दोघांनी अडवलं असेल, आबांनी ऐकलं नसेल.
मध्यावर आलेत. होडी एका बाजूला कलते, मग सावरते. वसंतानं उपसायचं थांबवलं. का थांबवलं कळत नाही.
आता आबांचं तोंड दिसायला लागलंय. धक्क्यावर डोळे लावून बसलेत. मी त्यांच्या समोरच उभी आहे आणि ते माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बघतायत.
हाक मारावी का. लहानपणी मी इथूनच मारायचे. पण ते त्या पोरीचा आवाज ऐकायला बसलेत, आणि माझा आवाज आता असा.
आलेच. वही ठेवते.