छोटं कॅल्क्युलस

ट्रॉय, ३ सप्टेंबर १९८४

चि. सुलेखास मालूमावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवरचं तू विसरतेस, म्हणून लिहून पाठवते. तुमच्याकडे कॅल्क्युलस दोन प्रकारचं आहे म्हणालीस. बायॉलॉजीवाल्यांचं छोटं आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं लांबलचक. छोटं घे, ए मिळव. तुला डॉक्टर व्हायचंय. पुढे मन बदललंच तरी बिघडत नाही. आमच्या वेळी फर्स्ट इयर सायन्स सगळ्यांना एकच असे, इंजिनिअरिंगचा ए ग्रुप की मेडिकलचा बी ग्रुप ते नंतर ठरे. इथेही तसंच असणार.

तुझी आई सांगत होती, तू रात्रीही दूध-सीरियलच खातेस. लाडू पाठवलेत. वाटून संपवू नकोस.

माझी माया आहेच, ती अभ्यासाच्या आड येऊ देऊ नकोस.

मालिनी


पिस्कॅटवे, १० फेब्रुवारी १९८५

ती. मालूमावशीस शि. सा. न. वि. वि.

गणितात ए मिळाला. पण मला आता मेडिकलला जायचं नाही. फिजिक्सच्या लॅबमध्ये सर्किट जुळवायला बसले की जेवायचं भान राहत नाही. मला इलेक्ट्रिकलला जायचंय. कॉलेजचे अ‍ॅडव्हायझर म्हणाले, छोटं कॅल्क्युलस तिथे धरत नाहीत. लांबलचक पहिल्यापासून घ्यावं लागेल, म्हणजे एक वर्ष मागे.

मावशी, हे त्यांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी फोनवर तुला सांगायला लागले, तेवढ्यात तू 'ठरलं तर मग' म्हणालीस आणि मी हो म्हटलं. बाबा घरी डब्लिनमध्ये सगळ्यांना 'आमची डॉक्टरीण' म्हणून सांगतात. काय करू? तूच त्यांच्याशी बोलशील का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

सुलेखा


ट्रॉय, १८ फेब्रुवारी १९८५

चि. सुलेखास आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. एवढी घोडी झालीस, मावशीला एक वाक्य पुरं ऐकवता येत नाही? मग आठवलं, आमच्या घरी मोठ्यांचं बोलणं झालं की विषय संपत असे. ती पद्धत मी इतकी वर्षं इथे नेटाने चालवली. न विचारता, न ऐकता सल्ला दिला. वर्ष तुझं गेलं.

काय करावं याबद्दल माझं मत आहे. ते मी कळवणार नाही. तुझ्या बाबांशीही बोलणार नाही, आणि तू माझं नाव पुढे करू नकोस. ठरव आणि तूच सांग.

जेवत जा. माया आहे तेवढीच आहे.

मालिनी


पिस्कॅटवे, २१ एप्रिल १९८५

ती. मालूमावशीस शि. सा. न. वि. वि.

लांबलचक कॅल्क्युलसला नाव घातलं. उन्हाळ्यातच सुरू होतंय, त्यामुळे यंदा ट्रॉयला येणं नाही.

काल बाबांना फोन केला. मालूमावशी काय म्हणते, हेच त्यांनी आधी विचारलं. ती काहीच म्हणत नाही, मी ठरवलंय, असं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "म्हणजे वर्ष गेलंच ना?"

मी म्हटलं, "हो बाबा, गेलं."

लॅबबद्दल, सर्किटबद्दल खूप सांगायचं ठरवून बसले होते. सांगायला लागले तेव्हा कळलं, त्यांनी फोन आईकडे दिला होता.

गेलेल्या वर्षात तुझा लोभ मात्र धरू नकोस, तो राहू दे.

सुलेखा